काल्पनिक देशाचे गुण

कुमुदताई रेगे यांचा आणि माझा परिचय एका घसरणीमुळे झाला. लोकशाही आणि मानवी हक्क यांच्या जागतिक क्रमवारीत आपला देश खाली गेला होता आणि संपादकांनी मला कोणा जाणकाराची प्रतिक्रिया आणायला पिटाळले होते. राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक असलेल्या ताई गिरगावातल्या एका वाडीत राहतात. त्यांनी प्रतिक्रियेऐवजी प्रश्नच दिला. "आपण घसरलो, की दुसरे पुढे गेले? गुण पाहिलेत, की नुसता नंबर?" मी नुसता नंबर पाहिला होता. त्या म्हणाल्या, "संस्कृत शिकलात म्हणे. मूळ संहिता न वाचता भाष्य करायला तिथेच शिकवतात का?"

अशाच एका क्रमवारीसाठी गुण देणाऱ्या तज्ज्ञांपैकी ताई एक. या कामाची रीत मला त्यांनीच समजावली. तज्ज्ञांना आधी काही काल्पनिक देशांची वर्णने देतात आणि त्यांना गुण द्यायला सांगतात. कोणाचा हात सैल, कोणाचा आखडता, हे त्यावरून कळते आणि खऱ्या देशांचे गुण त्या मानाने जुळवून घेता येतात. ताईंचा हात आखडता निघाला. सरकार कोणाचेही असो, तो तसाच राहिला. त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्यावर मनापासून नाराज असत.

नाराज नसत ते समोरच्या दारातले अण्णा पेडणेकर, वाडीच्या गणेशोत्सव मंडळाचे तहहयात म्हणावेत असे अध्यक्ष. माझी आई परळच्या रुग्णालयात होती तेव्हा ताई रोज पेज करीत आणि अण्णा डबा पोचवीत. वर शेरा असे, "मीठ कमीच असणार. गुण देतात तशीच पेज करतात."

अण्णांनीच आग्रहाने मंडळाच्या सभागृहात ताईंचे व्याख्यान ठेवले. श्रोत्यांना रीत कळावी म्हणून ताईंनी एक देश कल्पिला. "समजा, निवडणूक वेळेवर होते, पण उमेदवार एकच. प्रश्न विचारणाऱ्याला तुरुंगात टाकत नाहीत. त्याच्यावर एवढं काम टाकतात की पुढच्या सभेला यायला त्याला सवडच होत नाही. दहापैकी किती द्याल?"

"दोन!" पहिल्या रांगेतून अण्णा गरजले. "तेही दयेपोटी."

मागून कोणी म्हणाले, "अहो अण्णा, हे तर आपलं मंडळ! मी प्रश्न विचारला, तर मला लाउडस्पीकरच्या परवानगीला पिटाळलंत!"

सभागृह हसले. अण्णाही हसले, पण उशिरा.

"मी खरंच देशाचाच विचार करत होते हो," जिना चढताना ताई मला म्हणाल्या. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. रोज समोर दिसणारे कल्पनेत कधी उतरते, हे तज्ज्ञांनाही कळत नाही.

पुढच्या वर्षी अण्णांनी हट्टाने मतपेटी मांडली, गुप्त मतदान घेतले आणि ते हरले. नव्या अध्यक्षांच्या गळ्यात हारही त्यांनीच घातला. मंडळाचे गुण वाढले, यात शंका नाही. समोरचे दार मात्र लागले ते लागलेच. चतुर्थीला ताई मोदक घेऊन जातात. पेडणेकरवहिनी डबा घेतात आणि "झोपलेत हो" म्हणतात. आत टीव्हीवर बातम्या चालू असतात.

"माझं काय चुकलं?" ताईंनी एकदा विचारले.

"गुण तर अण्णांनीच दिले होते," मी म्हणालो.

"आणि बरोबर दिले होते. तेच लागलं असणार."

पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात उत्सवमूर्तींना दीर्घ आयुष्य चिंतण्याचा प्रघात आहे. एकट्या ताईंना ते चिंतायला माझे मन घेत नाही. हा ग्रंथ अण्णांच्या हाती पडेल, ते तो आडवा होऊन वाचतील आणि वहिनींना सांगतील की झोपलो आहे. तर अण्णा, ताईंचे गुडघे त्यांना अजून पुष्कळ वर्षे जिना चढू देवोत, हात आखडता राहो, प्रकृती ठणठणीत राहो. आणि जितके आयुष्य त्यांना, तितकेच तुम्हालाही लाभो. ताई पेज अजून तशीच करतात. मीठ कमी आहे, हे त्यांना सांगणारे वाडीत दुसरे कोणी नाही.