बाकावरचे चार जण

“वरचं एकशेऐंशी, खालचं एकशेदहा. सर, गोळ्या घेता ना?”

“एक चुकवत नाही, डॉक्टर.”

इंगळे सर मोताळ्यातल्या शाळेचे हेडमास्तर. माझ्याकडून तीन गोळ्या चालू, तरी बीपी ढिम्म हलत नव्हतं. त्यात महिन्यापूर्वी त्यांचा डावा हात दहा मिनिटं बधिर झाला होता. पुढचा अर्धांगाचा झटका दहा मिनिटांत सोडणार नाही, हे मला कळत होतं. बुलढाण्याला पाठवून किडनी, हृदय सगळं तपासून घेतलं. कारण सापडेना.

“दारू वगैरे घेता का?”

“छे हो!”

केबिनमधल्या बाकावर पुढचे चार पेशंट बसले होते. तेही हसले. हेडमास्तरांना काय विचारतो हा! मी फाइलवर ‘नाही’ लिहिलं आणि चौथी गोळी वाढवली.

त्यानंतर सर आलेच नाहीत. आमचा कंपाउंडर शंकर म्हणाला, “साहेब, इंगळे सर समोरच्या मॅडमकडे जाऊन राह्यले.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम म्हणजे नवी एमडी. मी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि ही कालची पोरगी माझे पेशंट पळवते! एसीत बसायला जात असतील, म्हटलं. दिवसभर खिडकीतून तिच्या दारातल्या चपला बघायचो. खोटं कशाला बोलू, सरांचं बीपी तिच्याकडेही उतरू नये असंच वाटत होतं.

तीन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी सर दिसले. दुपार होती, दवाखाना रिकामा. त्यांना हाताला धरून आत आणलं, बीपी घेतलं. एकशेतीस, चौऱ्याऐंशी. माझ्याच मशीनवर! चिठ्ठी हिसकावून पाहिली. माझ्याच दोन गोळ्या, बाकीच्या बंद.

“मग तिनं केलं काय?”

“दार लावलं. अन् ‘घेता का’ नाही, ‘किती घेता’ असं विचारलं.”

“किती घेत होता?”

“रोज अर्धी बाटली. आठ वर्षं.”

“अहो, मग मले काऊन नाही सांगितलं?”

सरांनी बाकाकडे बोट दाखवलं. “तिथं माह्याच शाळेतल्या पोरांचे मायबाप बसून राह्यतात. त्यायच्यासमोर सांगू?”

रोज भरपूर दारू पोटात गेली की बीपी चढतं, मग गोळ्यांचं काही चालत नाही. इतकी दारू एकदम तोडणंही धोक्याचं. मॅडमनं ती देखरेखीखाली हळूहळू सोडवली होती. हे सगळं मलाही शिकवलेलं होतं. फक्त मी ते चार माणसांसमोर विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी बाक बाहेर काढला. लोक कुरकुरले. संध्याकाळी शंकर आत आला आणि दार लावून पेशंटच्या खुर्चीत बसला.

“साहेब, माह्यं बीपी पाहा. अन् मी किती घेतो, तेही विचारा.”

बावीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी उभा होता.

मॅडमचा हेवा मला अजून वाटतो. पण आता तोही दार लावून करतो.