साडूंचा खड्डा

चाळीस वर्षं उन्हातान्हात जमिनी मोजत मोजणीदारांनी सगळा मुलूख पायाखाली घातला होता, पण घरात कौतुक व्हायचं ते साडूंचं. साडू शिंपी. जन्मभर दुकानाबाहेर न पडलेले हे गृहस्थ आताशा मोबाइलवर उपग्रहाची चित्रं बघून कुठे गोल तळं, कुठे नागमोडी नदी शोधून काढायचे, आणि मोजणीदारांची बायकोसुद्धा हातातला चहा निवत ठेवून त्यात डोकावायची. मोजणीदारांच्या पोटात दुखायचं.

एकदा साडू म्हणाले, "हा बघा केवढा खड्डा! उल्काच पडली असणार. येत्या रविवारी सगळे बघायला जाऊ."

मोजणीदारांनी चष्मा लावला. सावली कुठल्या अंगाला पडली आहे ते पाहताच त्यांनी ओळखलं, हा खड्डा नव्हे, टेकडी आहे. वरून घेतलेल्या चित्रात सावली अशी फसवते. तसं सांगितलं असतं तर त्यांचाच मान वाढला असता. पण होऊ दे चारचौघांत फजिती, म्हणून ते गप्प बसले.

रविवारी गाडीतून उतरल्यावर समोर टेकडी उभी. साडूंचं तोंड कसं पडतं ते बघायला मोजणीदार सरसावले, तर साडू पोट धरून हसत सुटले. "अरे, माझा खड्डा उलटा झाला की! चला आता, वर चढा."

सगळे हसत त्यांच्यामागे निघाले. जाता जाता बायको थांबली.

"भावोजींचं ठीक आहे, ते शिंपी. पण तुम्हाला कसं नाही हो कळलं? इतकी वर्षं काय मोजलंत मग?"

कळलं होतं, असं म्हणायची मोजणीदारांना सोय उरली नव्हती.