पुलावरचं साळिंदर

तालुक्याच्या गावी मंगळवार पेठेत क्रांतीताईंचं पिको-फॉलचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. हात चांगला, तोंड फटकळ. तरी गिऱ्हाईक परत यायचंच, त्यामुळे आपल्या बोलण्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

मुलगी प्रियदर्शनी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप घरीच राहिला. त्यात एक गेम होता, कुणा दोघा पोरांनी घरात बसून बनवलेला. डोंगराखालचं गाव आणि टोप्या घातलेली बोलकी जनावरं. कुणी आडवं आलं की एक तर बोलायचं, नाहीतर मारायचं. दुपारी दुकान रिकामं असलं की ताई तो खेळायला बसायच्या.

पुलावर एक आंधळं साळिंदर छत्री धरून बसलेलं असायचं. ते फार बोलायचं, तेही इंग्रजीत. वाचायचा कंटाळा आला आणि ताईंनी ते मारलं. साळिंदर मुकाट्यानं पडलं, पूल मोकळा झाला. पुढे कुणी जाब विचारला नाही. फक्त त्या दिसल्या की गावातली जनावरं दारं लावून घ्यायची.

मशीनवर बसल्या तरी ती पडलेली छत्री ताईंच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्यांनी तोवरचा खेळ सगळा पुसला आणि गेम पहिल्यापासून सुरू केला. या खेपेला पुलावर थांबून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. साळिंदरानं वाट दिली, पण म्हणालं, "तुझी पावलं ओळखीची वाटतात. मला भीती का वाटतेय, कळत नाही."

ताईंनी लेकीला फोन लावला. ती हसली. पुसलं तरी मागचं आत राहतं, तो गेमच तसा आहे, म्हणाली. हवं तर ते जिच्यात राहतं ती फाईल कशी काढून टाकायची, ते सांगते.

"नको," ताई म्हणाल्या. "त्याला आठवतंय, तर ऱ्हाऊ दे."

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या अंबूबाई उसवलेला ब्लाऊज घेऊन आल्या आणि पायरीखालीच उभ्या राहिल्या. पूर्वी त्या आत येऊन बसायच्या, चहा घ्यायच्या. ते कधी थांबलं, हे ताईंना आठवेना.

"आत या की, मावशी."

"हितंच बरं हाय."

"माझ्याकडनं कधी वंगाळ बोलणं झालंय का?"

"न्हाय बाई," अंबूबाई म्हणाल्या. ब्लाऊज उंबऱ्यावर ठेवून त्या एक पाऊल मागं सरल्या.

ताईंनी तो लगेच शिवून दिला. त्या दिवसापासून कोणती बाई आत येते आणि कोणती बाहेरच थांबते, इकडे त्यांचं लक्ष जायला लागलं.