हयातला काही दिसेना

हयात बिन रमदान आमच्या कचेरीत पांढऱ्या पायाची म्हणून ओळखली जायची. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. एखादं काम नुकतं कुठे सुरू झालेलं असे, तोच ती आमच्या मालकाकडे, सी लमजदकडे (सी म्हणजे आमच्याकडचं 'राव'), जाऊन सांगे, "हे बुडणार." आणि ते बुडायचं.

त्यात जादू नव्हती. आमची कामं संगणकाच्या जावा भाषेत चालत, आणि जावा खाष्ट. एका प्रोग्रॅमरने शब्द पाठवला आणि दुसऱ्याने तिथे आकडा धरला, की ती प्रोग्रॅम चालूच देत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा अडू लागलं, की हयात ओळखायची, ही माणसं एकमेकांशी बोललेली नाहीत.

मग हाजी तिजानींच्या ऑलिव्ह तेलाच्या घाण्याचं काम आलं. लवकर काहीतरी दाखवता यावं म्हणून सी लमजदने जावाऐवजी पायथन भाषा घेतली. ती बरंच चालवून घेते. थोड्याच दिवसांत पडद्यावर शेतकऱ्याचं नाव, मालाचं वजन, निघणारं तेल सगळं दिसू लागलं. हाजी बदाम खात बघत राहिले.

"हयातबाई, या खेपेला गप्प कशा?" सी लमजदने विचारलं.

"मला काही दिसत नाहीये."

"म्हणजे सगळं ठीक."

"ठीक आहे असं नाही म्हटलं मी. दिसत नाहीये म्हटलं."

तो हसला. तिला मात्र जेवण जाईना. हंगाम अजून लांब होता. एका सकाळी ती घाण्यावर गेली आणि हाजींना म्हणाली, "गेल्या वर्षी माल जसा आला, तसाच भरून बघू."

पहिलाच शेतकरी दोन खेपांत आला होता. सहाशे चाळीस किलो, मग आठशे वीस. पडद्यावर बेरीज आली सहा लाख चाळीस हजार आठशे वीस.

हाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एवढं पीक असतं, तर तो माझ्याकडे कशाला आला असता, पोरी?"

आकड्यांना अक्षरं समजून प्रोग्रॅमने ते एकापुढे एक चिकटवले होते. ते सुधारणं सोपं होतं. पण हयात खोदत गेली. हे काम करणाऱ्या तिघा प्रोग्रॅमरांपैकी एकाचं वजन पोत्यांसकट होतं, दुसऱ्याचं पोती वगळून, तिसऱ्याचं घाण्याचा वाटा काढून. तिघं रोज एकत्र जेवत; हा विषय कधी निघाला नव्हता. जावालाही पोती कळली नसती, पण बेरीज पहिल्याच आठवड्यात अडली असती आणि तिघं भांडले असते.

"उरलंय काय?" सी लमजदने विचारलं.

"पाया."

"आणि झालंय काय?"

"पडदे."

 मग तो स्वतः जाऊन हाजींना सांगून आला, की यंदा जमणार नाही.

मी हयातला म्हटलं, "वाचवलंस की."

"घाबरले मी," ती म्हणाली. "बसल्या जागी कळायची सवय लागली होती."

तेव्हापासून ती दर पंधरवड्याला घाण्यावर जाते. पुढच्या हंगामात काम चाललं. घाण्याच्या वाट्यावरून एक भांडण झालं, पण ते शेतकऱ्यांचं आणि हाजींचं होतं, आणि त्यांनी ते आपसात मिटवलं.