सवत हत्तीण असली की

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा घरात सासू नव्हती, नणंद नव्हती, जाऊ नव्हती. मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. सवत आहे, हे तिला आठवडाभरातच कळलं.

"बाईंनी आज काही खाल्लं नाही," जेवायला बसता बसता नवरा म्हणाला, आणि स्वतःही दोन घास खाऊन उठला.

कोण बाई? तर हत्तीण. नवरा प्राणिसंग्रहालयात तिची देखभाल करायचा आणि तिला अहोजाहो करायचा.

"म्हणजे मी 'अगं' आणि ती 'बाई' होय?"

"अगं, वजन बघ की तिचं," तो म्हणाला.

तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. समोरच्या खोलीत मशीन टाकून ती शाळेचे गणवेश शिवायची. गल्लीतल्या बायका मापं द्यायला यायच्या, आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या. कुणाचा दारूत, कुणाचा पत्त्यांत. "तुझं बरंय," म्हणायच्या. "तुझा सरळ कामावर आणि सरळ घरी." ती दाताने दोरा तोडायची. दारूला नावं ठेवता येतात. हत्तिणीला काय म्हणणार?

मुलीच्या वेळी नववा महिना भरला होता. पाय सुजलेले, उठवेना, बसवेना. "देवा, सोडव रे आता," ती म्हणाली. तर हा शेजारी बसून म्हणतो, "तुझं नऊ महिन्यांत आटोपतं. हत्तिणीला बावीस काढावे लागतात."

"मग पुढच्या जन्मी तिच्याच पोटी या."

"येईन की. जन्मतःच शंभर किलोचा असेन."

हसावं की उशी फेकून मारावी, तिला कळेना. तिने उशी मारली.

पुढे तिची दाढ काढली तेव्हाही तेच. गालाला फडकं बांधून ती पडली होती, आणि तो सांगत होता की हत्तीला आयुष्यात सहा वेळा दाढा येतात. पुढची झिजली की मागची सरकत सरकत तिच्या जागी येते. बाईंची आता शेवटची चालू आहे. "चावायला त्रास होतो गं त्यांना. रोज भोपळे उकडून घालतो." फडक्याच्या वर तिचे डोळे मोठे झाले. घरात पाण्याचा पेला न उचलणारा माणूस तिथे भोपळे उकडत होता.

त्याचे सदरे ती दोनदा साबण लावून धुवायची. गवताचा आणि त्या जनावराचा वास गेला पाहिजे. देवापुढे हात जोडले की सगळ्यांसाठी मागायची, मुलीसाठी, नवऱ्यासाठी, गल्लीतल्या आजाऱ्यांसाठीसुद्धा. त्या एकीला तेवढं गाळायची. आपण गाळतो आहोत हे देवाला दिसतंय, हेही तिला ठाऊक होतं.

सगळ्यात खोल मात्र दुसरीच गोष्ट लागली. मुलीचं लग्न झालं, घर सुनं झालं, आणि तो सहज बोलून गेला, "हत्तींच्यात मुली कुठे जातच नाहीत. आई, मावश्या, आज्या, सगळ्या जन्मभर एकत्र. वयात आल्यावर घर सोडतात ते मुलगे. आणि कळपातली सगळ्यात मोठी बाई म्हणेल ती पूर्व दिशा."

त्या दिवशी तिने एका सदऱ्याला बाही उलटी जोडली. नवरा तर नेलाच होता, वर हे राज्यही तिचंच!

शेवटी तो निवृत्त झाला. उभ्या संसारात एक सकाळ त्याने घरी काढली नव्हती, कारण बाईंना तो पहाटेच लागायचा. "आता सकाळ तुझी," तो म्हणाला. तिने चहाचे दोन नवे पेले आणले. ते नीट वापरातही आले नव्हते, तोच प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरीणबाई दारात.

हत्तिणीला लांब पाठवायचं ठरलं होतं. तिथे झाडीची मोठी मोकळी जागा होती, चार वयस्कर हत्तिणी होत्या. पण ही माणसांतच वाढलेली, एकटी बिथरेल. ओळखीचं कुणीतरी काही महिने सोबत हवं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर नाही जाणार."

"नको," ती म्हणाली. मग त्याचं तोंड पाहून तिचाच जळफळाट झाला. "थांबा. आधी मी बघते तरी तिला. एवढं काय सोनं लागलंय!"

इतक्या वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली. तो फाटकाशी जुन्या सोबत्यांशी बोलत मागे राहिला, ती एकटीच कठड्यापाशी आली. हत्तीण लांब झाडाखाली पाठमोरी होती. वारा तिकडेच वाहत होता. हत्तिणीची सोंड वर झाली, हवेत वळली, थांबली. मग ती वळली आणि चालत आली, एवढं मोठं धूड पण पावलाचा आवाज नाही. कठड्यावरून सोंडेचं ओलं टोक हिच्या मनगटावर आलं, दंडावर, मानेवर. मग सोंड वळून स्वतःच्या तोंडात गेली, जणू चव बघते आहे. आणि एक इतका खालचा घुमारा निघाला की तो कानापेक्षा छातीत आणि तळपायांत कळला.

"ओळखलं बघ तुला," मागून नवरा म्हणाला.

"मला? मी कधी आले इथे?"

"रोज येतेस की. सदरा तू शिवलेला, तू धुतलेला, डबा तुझ्या हातचा. मी गेल्या गेल्या बाई सगळं हुंगून घ्यायच्या. तू तापाने पडली होतीस ना, तेव्हा दिवसभर माझी बाही सोडली नव्हती."

तिला चोरी पकडल्यासारखं झालं. हिचा वास घालवायला ती साबण झिजवत होती, आणि ही तिकडे रोज तिची खुशाली विचारत होती. राग गेला असं नाही. उलट वाटलं, ही यातही आपल्यापेक्षा मोठी निघाली.

"हिची आई?" तिने विचारलं.

"अंगावर पीत होती तेव्हाच तोडली. त्यानंतर दुसरी हत्तीण पाहिलेलीच नाही."

ती म्हणाली, "म्हणजे हिला माहेरीच न्यायची."

"तसंच म्हण."

"चला मग. पण मीही येणार. सवतीला माहेरी पोचवायला नवऱ्याला एकटं कुठली बाई पाठवते?"

मशीनसकट ती गेली. तिथल्या खोलीत राहिली. नवरा दिवसभर कुंपणाशी, आणि पलीकडून त्या चौघी रोज थोड्या थोड्या जवळ येत होत्या. कुंपणातून सोंडा घालून वास घेत, निघून जात. असे काही आठवडे गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मधलं फाटक उघडलं.

बाई फाटकात अडल्या. "जा," नवरा हळूच म्हणाला. समोरची सगळ्यात म्हातारी पुढे झाली आणि तिने आपली सोंड हिच्या तोंडात घातली. मग बाकीच्या आल्या. हुंगणं, कान फडकवणं, तोच जमिनीतून येणारा घुमारा. चौघींच्या मधोमध ती झाडीकडे चालायला लागली, म्हातारीच्या चालीने.

नवरा कुंपणाला धरून उभा होता. झाडी हलायची थांबली तरी उभाच.

"वळून बघितलंसुद्धा नाही गं त्यांनी," तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा चेहरा तिच्या चांगला ओळखीचा होता. इतकी वर्षं आरशात हाच तर दिसत होता. एक टोमणा जिभेच्या टोकावर आला. तिने तो गिळला. मग वाटलं, सगळाच कशाला गिळायचा?

"आता कळलं?" ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. मी नाही का, इतकी वर्षं मुकाट सोसलं."

"मुकाट? रोज भांडलीस."

"मग तुम्हीही भांडा. जा, म्हातारीला जाऊन सांगा, आमच्या बाई परत द्या म्हणावं."

त्याला हसू आलं, पण डोळे पुसावे लागले. ती त्याच्या शेजारी कुंपणाला टेकून उभी राहिली. त्याला तिथून निघायला वेळ लागणार होता, आणि तो किती लागतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?