मागच्या सीटवरचं वजन

“वहिनी, एक मिनिट मागच्या सीटवर बसता का?”

मी एवढंच म्हणालो. खाली वाकून, जॅककडे बघत, अगदी सहज. कुणी बसलं नाही म्हणून मान वर केली. आगाशे वहिनींचा चेहरा उतरला होता. आगाशे सर पार्किंगच्या छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

“मी त्या सीटवर बसणार नाही,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हीच बसा.”

मी बसलो तर काम कोण करणार, हे अगदी ओठावर आलं होतं. पण गिळलं. बाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या.

आधी मी कोण ते सांगतो. टू-व्हीलरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी मेकॅनिक म्हणून लागलो आणि वर्कशॉप सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. राहायला खडकीला. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या कामात सुधारणा सुचवायला लागलो, तेव्हा तिनेच मला दुसरी नोकरी बघायला लावली. आता मी एका छोट्या कंपनीत आहे. लोक ॲपवर बुकिंग करतात, आम्ही त्यांच्या घरी जाऊन गाडी दुरुस्त करतो. ऑफिस हिंजवडीला. माझी बॉस सायली, माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. मला काका म्हणते आणि कामाच्या बाबतीत पुतण्यासारखं झापते. पोरगी हुशार आहे, म्हणून चालवून घेतो.

त्या दिवशीचं बुकिंग येरवड्याचं होतं. गाडी दीडशे सीसीची, बरीच जुनी पण पुसूनबिसून ठेवलेली. काम लिहिलं होतं, ‘पुढचं चाक बदलणे.’ कारणाच्या रकान्यात, ‘जॅक घसरून गाडी पडली, अलॉय व्हीलला तडा.’ नवं व्हील मी टायर बसवूनच घेऊन गेलो होतो. चाळीस मिनिटांचं काम. मनात म्हटलं, साडेतीनला घरी चहा.

आगाशे सर चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. वय सत्तरीच्या अलीकडे, अंगाने काटक. वहिनी गाडीजवळच उभ्या होत्या, किल्ली मुठीत धरून. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी मला अटी सांगितल्या.

“माझ्या बहिणीचा मुलगा चार वाजता येतोय. गाडी आज नीट उचलली गेली आणि नीट खाली आली, तर राहील. जरा जरी डगमगली, तर तो घेऊन जाईल. कायमची.”

“सरांचं काय म्हणणं?” मी विचारलं.

“माझं म्हणणं विचारण्यात आलेलं नाही,” सर म्हणाले.

पण ते गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होते. त्या हातावरून कळत होतं की माणसाचं काय जाणार आहे. मुलगा नाही, मुलगी नाही. रोज सकाळी नदीकाठी जाऊन चित्रं काढायची आणि परत यायचं, ते या गाडीवरून. नंतर मला म्हणालेही, “ही गेली की मी रिक्षेची वाट बघणारा म्हातारा.”

आता मोटरसायकल उचलायची म्हणजे काय, ते सांगतो. डबल स्टँड म्हणजे मधला, दोन पायांचा. त्यावर गाडी घेतली की मागचं चाक हवेत आणि पुढचं जमिनीवर. पुढचं चाक काढायचं तर उलट व्हायला पाहिजे. गाडी तेव्हा सी-सॉसारखी असते. मागे वजन टाका, पुढचं चाक आपोआप वर. म्हणून गल्लीतल्या गॅरेजपासून मोठ्या वर्कशॉपपर्यंत एकच रीत आहे. जो कोणी रिकामा दिसेल त्याला हाक मारायची, “बस रे मागे.” तो बसतो, मोबाईल बघतो, तेवढ्यात चाक निघतं.

माझा विचार तितकाही नव्हता. माझ्याकडे जॅक होता. पण तो गाडीखाली जाताना अर्ध्या इंचाने अडत होता. वहिनी क्षणभर मागे बसल्या असत्या, तर पुढचा भाग उचलला गेला असता आणि जॅक आत सरकला असता. तोंडातून सवयीने निघून गेलं.

वहिनी बसेनात, म्हणून मी दुसरा उपाय काढला. “सर, तुमचा जॅक द्या. माझ्यापेक्षा बुटका असेल तर काम होईल.”

“माझ्याकडे जॅक नाही,” सर म्हणाले.

“नाही? मग घसरलं काय?”

सर पुन्हा छताकडे बघायला लागले.

“काही घसरलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी उतरले.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिली मोटरसायकल आली तेव्हापासून पुढचं चाक काढायचं झालं की वहिनी मागे बसायच्या. पंक्चर असो, टायर असो. सर चाक काढायचे, रिक्षातून दुकानात न्यायचे, परत आणून बसवायचे. चाक नसताना गाडी नुसती ठेवायची वेळ आली तर सर खाली विटा रचायचे. पण काढताना आणि बसवताना भरवसा वहिनींवर. दोन महिन्यांपूर्वी असंच चाक बसवायचं चालू होतं. विटा काढलेल्या. चाक अर्धवट आत. तेवढ्यात गेटवरून वॉचमन ओरडला, “आगाशे, सिलिंडर आलाय.” गॅसवाला दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. वहिनी टुणकन उतरल्या.

“मला काही सुचलंच नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी उतरले आणि मागे धाडकन आवाज झाला. ह्यांचं बोट चाकात आणि चाक धरणाऱ्या पुढच्या दांड्यात सापडलं. उजव्या हाताचं. चित्र काढणाऱ्या माणसाचं बोट. थोडक्यात वाचलं. गेलं असतं तर मी काय करणार होते?”

सरांनी उजवा हात पाठीमागे घेतला. नख अजून काळं होतं.

“मी तिला एका शब्दाने बोललो नाही,” सर मला म्हणाले. “सगळ्यांना जॅक घसरला म्हणूनच सांगितलं.”

“तेच ना,” वहिनी म्हणाल्या. “बोलला असतात तर भांडून मोकळी झाले असते. दोन महिने हे गप्प आणि मी गप्प, गाडी तडकलेल्या चाकावर कशीबशी उभी. मला झोप लागत नाही. गाडीच नको घरात. गाडी नाही तर चाक नाही.”

माझी मात्र चांगलीच पंचाईत झाली. गॅरेजमध्ये असं काही शिकवत नाहीत. नट अडकला तर तेल सोडतात. इथे काय सोडणार? शेवटी जे खरं होतं ते सांगितलं.

“वहिनी, चूक तुमची नाही. चूक सरांची.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“खाली काहीही न लावता त्यांनी हात आत घातला. का, तर बायको बसलीय मागे. माणूस म्हणजे टेकू नव्हे. माणसाला शिंक येते, पायाला मुंग्या येतात, गेटवरून हाक येते. तो उतरणारच. आणि मी तर धंद्यातला माणूस, मीही आत्ता तेच करायला निघालो होतो. मला जास्त लाज वाटायला पाहिजे.”

सरांनी आपल्या काळ्या नखाकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे माझी चूक.”

“तुमची.”

“मान्य,” ते म्हणाले. आणि खरं सांगतो, माणूस एकदम मोकळा दिसला. वहिनींकडे वळून म्हणाले, “माझी चूक होती गं.” त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “आता नीट कशी उचलतात ते दाखवा. तीन वाजत आले.”

दाखवलं. पहिली गोष्ट, जागा. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला उतार असतो. डोळ्याला दिसत नाही, गाडीला कळतो. आम्ही गाडी आतल्या सपाट जागेत घेतली. दुसरं, चाक ज्या दांड्यावर फिरतं तो एक्सल. त्याचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा. तो घट्ट असतो, पान्याला झटका द्यावा लागतो. गाडी वर घेऊन झटका दिलात तर नट राहतो जागेवर आणि गाडी येते अंगावर. मी नट ढिला केला, काढला नाही.

अर्ध्या इंचाचं कोडं सरांनीच सोडवलं. घरात जुन्या कपाटाची प्लायवूडची फळी होती. ती खाली ठेवून डबल स्टँडचे दोन्ही पाय तिच्यावर घेतले. पाऊण इंचाच्या फळीने गाडीचं पोट वर आलं. जॅक अलगद आत गेला.

“हे मला आधी का सुचलं नाही,” सर म्हणाले.

“तुमच्याकडे वहिनी होत्या,” मी म्हणालो.

मग एक जाड पट्टा घेऊन डबल स्टँड गाडीच्या चासीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, पुढच्या बाजूने बांधला. गाडी चुकून पुढे सरकली तर हा स्टँड पटकन मिटतो. बांधला की मिटत नाही. जॅक कुठे लावायचा, यातही लोक घोळ घालतात. सायलेन्सरची नळी हाताला पहिली लागते, ती दबते. इंजिनखाली ऑइलचा नट असतो, तो तुटतो. त्यांच्या बाजूला चासीच्या दोन नळ्या आहेत, त्यांच्याखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जॅक. चाकाखालून दोन बोटं जातील इतकंच वर घेतलं. उगाच आकाशात न्यायची गरज नसते. शेवटी चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या. घोडी म्हणजे साधा पक्का स्टँड. जॅक दबून खाली बसला तरी गाडी घोड्यांवर राहते.

चाक अजून काढलं नव्हतं. काढायच्या आधी गाडी हलवून बघायची असते. पडलीच तर चाकावर पडेल, माणसावर नाही. मी हँडल धरून हलवली. मग बाजूला झालो.

“वहिनी, तुम्ही हलवा.”

“मी?”

“तुम्हीच. पाडायचीय अशा इराद्याने हलवा.”

त्या पुढे येईनात. तेवढ्यात माझा फोन वाजला. सायली.

“काका, चाळीस मिनिटांचा जॉब आहे, सव्वा तास झाला. काय चाललंय?”

“गाडी वर घेतलीय. चाक निघतंय आता.”

“कस्टमरला हात लावू दिला नाहीत ना? रूल माहितीये ना तुम्हाला?”

“कस्टमर लांब उभा आहे,” मी म्हणालो. “कस्टमरची बायको गाडी पाडायचा प्रयत्न करतेय.”

“काका, मी नंतर फोन करते,” म्हणाली आणि ठेवला.

वहिनींनी हँडलला हात लावला. आधी गरम भांड्याला लावावा तसा. मग दोन्ही हातांनी धरलं. एकदा हलवलं. पुन्हा हलवलं, जोरात, ओठ दाबून. बांगड्या वाजल्या, गाडी ढिम्म.

“हलत नाही,” त्या म्हणाल्या. मग सरांकडे बघून, “अहो, हलत नाहीये ही.” आणि तिथेच, हँडल धरून, त्या रडल्या. सर जाऊन शेजारी उभे राहिले. मी टूलबॉक्समधला पाना शोधायला लागलो, जो माझ्या हातातच होता.

पुढचं काम सोपं होतं. एक्सल ओढला, जुनं चाक बाहेर, नवं आत. टायरवर बाण असतो, तो गाडी धावते त्या दिशेला ठेवला. घोड्या काढल्या, जॅक उतरवला, गाडी जमिनीवर घेऊन नट पक्का आवळला. ब्रेक चार-पाच वेळा दाबला. सर सोसायटीला एक फेरी मारून आले. चेहरा असा, की दहावीचा निकाल लागलाय आणि पास झालेत.

चारला पाच कमी असताना भाचा आला. सॉफ्टवेअर कंपनीतला, हातात हेल्मेट, पाठीला सॅक.

“मावशी, गाडी रेडी आहे?”

“आहे. पण देणार नाही.”

“अगं, मी हाफ डे टाकून आलोय.”

“तुला पुढचं चाक काढता येतं?”

“नाही.”

“मग कशाला हवीय गाडी? वर चल, चहा टाकते.”

तो हेल्मेट घेऊन निमूटपणे जिना चढला. किल्ली वहिनींनी सरांच्या हातात ठेवली. वर एक वाक्य बोलल्याच, “त्या लोखंडी घोड्या कुठे मिळतात ते विचारून घ्या यांच्याकडून.”

मी ॲपवर शेरा लिहिताना सगळं खरं लिहिलं, माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यासकट. संध्याकाळी सायलीचा फोन आला.

“काका, आपले सगळेच मेकॅनिक असं कुणालातरी बसवतात?”

“सगळे. मीसुद्धा.”

“कस्टमरच्या घरच्यांना?”

“जो उभा असेल त्याला.”

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या किटमध्ये एक फळी, एक पट्टा आणि दोन घोड्या आल्या. वजन वाढलं म्हणून पोरं कुरकुरतात. सध्या त्यांच्यात माझं नाव फारसं चांगलं नाही. चालायचंच.

मी तीस वर्षं माणूस बसवून चाकं काढली. एकदाही गाडी पडली नाही, म्हणून ती रीत बरोबर आहे अशी माझी खात्री होती. आगाशे पती-पत्नींचीही तेवढीच वर्षं तेवढीच खात्री होती. फरक इतकाच, की माझ्याकडे कुणी मध्येच उतरलं नाही. त्यात माझं कौशल्य शून्य. तेव्हा घरी पुढचं चाक काढायचं असेल तर गाडीखाली लोखंड लावा, आणि घरच्या माणसाला लांब एक खुर्ची द्या.