सांडपाण्यामागे चालणारी फुई

आमच्या फुईइतकं सांडपाण्याच्या मागे चाललेलं माणूस गिरणाकाठच्या एकाही गावात सापडायचं नाही. फुई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली आणि हळूहळू सगळ्या गावाचीच फुई झालेली. मी लग्न होऊन धुळ्याहून भडगावजवळच्या त्या खेड्यात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती काठी घेऊन घराबाहेर पडली. पुढे आमच्या न्हाणीचं पाणी, मागे ही. न्हाणीतून काही वाहून गेलं असेल असं वाटून मीही मागोमाग निघाले. अर्धी गल्ली उतरल्यावर विचारलं, "फुई, काय हरवलं?"

"काहीच नही. पानी कथा जास ते देखस," ती म्हणाली. रोजचं पाणी रोज कुठे जातं हे रोज काय बघायचं, हे मला कळेना. पण नव्या सुनेने किती विचारायचं?

गल्ली उताराची. आमचं घर माथ्यावर, त्यामुळे आमचं पाणी सगळ्यांच्या दारावरून वाहत जाई आणि खाली सुतारीणबाईंच्या अंगणापुढे त्याचं हिरवं डबकं होई. फुई दारोदार थांबायची, काठीने कचरा सारायची आणि पाण्याच्या रंगावरून घरातली खबर ताडून आत शिरायची. ताडणं बहुतेक चुकायचं. भात पाहुणा आला तरच शिजायचा, म्हणून तांदळाचं धुवण पाहून "पाव्हना कोन उना?" म्हणत जावं, तर तांदळाला नुसते किडे झालेले असायचे. एकदा पाणी लालभडक आलं. ही रडतच त्या घरात धावली, तर घरधनीण रंग गेलेलं नवं लुगडं पिळत दुकानदाराचा उद्धार करत होती. मग दोघींनी मिळून त्याचा उद्धार केला.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी गावात ग्रामसेवक आला, शोषखड्ड्यांचं सांगू लागला. अंगण खणायला माझे सासरे तयार होईनात. पण सुतारीणबाईंची धाकटी त्या साली पुन्हा हिवतापाने फणफणली होती. फुई तिच्या उशाशी दोन दिवस बसून आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "भाऊ, खंदू दे." पुढे वाद झाला नाही.

खड्ड्यात दगड, विटांचे तुकडे, वाळू भरली. न्हाणीचं पाणी आत गेलं आणि दिसेनासं झालं. फुई काठावर बसली.

"पानी कथा गयं, भाऊ?"

"जमिनीत मुरलं, फुई," ग्रामसेवक म्हणाला.

"मुरलं ते समजनं. पन गयं कथा?"

त्याने वाळू दाखवली, दगड दाखवले, जमिनीवर काडीने आकृती काढली. शेवटी तोच गोंधळला आणि माझ्याकडे बघू लागला. मी सातवी शिकलेली, पण मलाही नीट सांगता येईना. मग फुईने विहिरीवरून घागरी आणून खड्ड्यात ओतायला सुरुवात केली, कुठे तरी वर येईल म्हणून. ते कुठेच वर आलं नाही. तेव्हा ते विहिरीत निघत असणार असं ठरवून तिने विहिरीचं पाणी पिणं सोडलं आणि कित्येक दिवस नदीचं आणवलं.

आमचं बघून घरोघरी खड्डे झाले. डबकं आटलं, सुतारीणबाईंची पोर अंगणात खेळू लागली. सगळ्यांना बरं वाटलं. फुई मात्र रोज सकाळी काठी घेऊन दारात उभी राही आणि कोरड्या गल्लीकडे बघत राही. तिला काय हवंय, मला समजेना. हळदीकुंकवाला, बारशाला तिला कुणी बोलवत नसे, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एका सकाळी खालून सुतारीणबाईंनी हाक मारली, "फुई, चहा पेवाले या."

"काय काम शे?"

"काम काही नही. बसाले या."

फुई गेली. परत आली ती काठी कोपऱ्यात ठेवून चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "काहीच काम नव्हतं. तरी माले बलायं तिनी."

आणि थोड्या वेळाने तिने मला हळूच विचारलं, उद्या पुन्हा गेलं तर चालेल का.